'बास्केटवेडा' यांस: हात न मिळवण्याबद्दल थोडं सविस्तर

साधारणपणे मी प्रतिक्रियांना एका ओळीत उत्तर देतो. 'धन्यवाद, वाचत राहा' एवढंच. काल मुलगी फोनवर म्हणालीही, "बाबा, सोडून द्या ना, कशाला नादी लागता." ती शिकागोला असते, कामात असते, तिला हे सगळं पोरकट वाटतं. पण मागच्या लेखाखाली 'बास्केटवेडा' या नावाने जे आलंय ते सोडून देण्यासारखं नाही, आणि त्याचं उत्तर खालच्या चौकटीत मावणारंही नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या डेट्रॉईट पिस्टन्स संघाच्या 1987 ते 1991 या वर्षांवर लिहिलं होतं. आयझेया थॉमस, जो डुमार्स, बिल लॅम्बिअर, डेनिस रॉडमन, व्हिनी जॉन्सन आणि कोच चक डेली यांचा संघ. 'बॅड बॉइज' म्हणून ज्यांना दुनियेने शिव्या घातल्या आणि 1989 व 1990 अशी लागोपाठ दोन जेतेपदं ज्यांनी नेली, ते हे. त्यावर आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो (लेकर्स म्हणजे लॉस एंजेलिसचा संघ, शिकागो म्हणजे मायकेल जॉर्डनचा संघ, पॅलेस म्हणजे पिस्टन्सचं तेव्हाचं घरचं मैदान):

"काका, लेख गोड आहे, पण हा संघ म्हणजे गुंडांची टोळी होती. 89 ला लेकर्सचे दोन्ही गार्ड जायबंदी होते म्हणून पहिली ट्रॉफी मिळाली आणि रेफ्री डोळ्यांवर कातडं ओढून बसायचे म्हणून दुसरी. 91 ला शिकागोकडून 4-0 हरल्यावर हात न मिळवता निघून गेले, यातच सगळं आलं. तुम्ही तिथे होतात म्हणता, लाज नाही वाटली? आणि व्हिनी जॉन्सनचा तो शॉट पॅलेसमध्ये नाही, पोर्टलंडमध्ये झाला. 2004 चा संघ, जो खरा संघ होता, त्याला तुम्ही चार ओळी दिल्यात. एकूण स्मरणरंजन छान, विश्लेषण शून्य."

आणि शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे तीन पिवळे चेहरे.

आधी चुकीबद्दल बोलू, म्हणजे माझ्या. व्हिनी जॉन्सनचा शॉट पोर्टलंडलाच झाला. पोर्टलंडविरुद्धच्या 1990 च्या फायनलचा पाचवा सामना, घड्याळात 00.7 सेकंद, 92-90, खेळ खलास. पहिले दोन सामने डेट्रॉईटकडे झाले आणि पुढचे तिन्ही पोर्टलंडकडे, हे मला तोंडपाठ आहे. तरी बोटांनी 'पॅलेस' टाइप केलं. तो शॉट मी इतक्या वेळा पाहिलाय की मनात तो आमच्याच मैदानावर पडतो. तुमचं बरोबर, माझं चूक. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. मोठ्या मनाने मान्य करतो.

आता 'काका'.

मी कोणाचा काका व्हायला हरकत घेत नाही. सोसायटीतली पोरं मला काकाच म्हणतात. पण त्यांच्या 'काका'मध्ये आणि तुमच्या 'काका'मध्ये फरक आहे, आणि तो तुम्हालाही माहीत आहे. तुमचा 'काका' हा "बसा आता, पाणी प्या" या सुरातला आहे. 'लेख गोड आहे' हेही तसंच. बायको शेवयांच्या खिरीला गोड म्हणते तेव्हा मला आनंद होतो. लेख गोड आहे असं म्हणणाऱ्या माणसाने लेख वाचलेला नसतो, नुसता चाखलेला असतो. मतभेद असू द्यात हो, ते असावेतच. पण एखाद्याने पाच रात्री बसून लिहिलेल्या मजकुरावर तीन हसरे चेहरे चिकटवून जायचं, याला आमच्या सांगलीत टीका म्हणत नाहीत. दुसरा शब्द आहे, तो इथे लिहिता येत नाही.

ते असो. मुद्द्याचं बोलू. मुद्दा एकच आहे, "हात न मिळवता निघून गेले, यातच सगळं आलं."

यात काय काय आलं ते बघू.

27 मे 1991. मेमोरियल डेच्या सुट्टीचा सोमवार. ऑबर्न हिल्सचं पॅलेस, पूर्वेच्या फायनलचा (म्हणजे पूर्व विभागाच्या, जेतेपदाच्या फायनलआधीच्या मालिकेचा) चौथा सामना. शिकागो 115, डेट्रॉईट 94. घड्याळात 7.9 सेकंद उरलेले असताना पिस्टन्सचे खेळाडू बाकावरून उठले आणि शिकागोच्या बाकासमोरून, मान खाली घालून, बोगद्याकडे चालायला लागले. आयझेया होता, लॅम्बिअर होता. हे झालं, मी नाकारत नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शिकागोच्या मायकेल जॉर्डनवरची दहा भागांची माहितीपट-मालिका आली तेव्हापासून हे 7.9 सेकंद साऱ्या जगाला पाठ झालेत. ज्यांना पूर्वी डेट्रॉईट नकाशावर दाखवता आलं नसतं तेही आता आयझेयाच्या संस्कारांवर बोलतात. तुम्ही त्यातले आहात असं मी म्हणत नाही. तारखा जुळतात, एवढंच म्हणतो.

1991 च्या त्या सामन्यापासून तीन वर्षं मागे चला. 1988, पूर्वेचीच फायनल, सहावा सामना, सिल्व्हरडोम, म्हणजे पॅलेसच्या आधीचं पिस्टन्सचं मैदान. त्या वर्षीपर्यंत डेट्रॉईटच्या वाटेत बोस्टन उभं असायचं. आदल्याच वर्षी पाचव्या सामन्यात आयझेयाने साइडलाइनवरून आत टाकलेला चेंडू बोस्टनच्या लॅरी बर्डने झपकन मधेच उचलला, डेनिस जॉन्सनकडे दिला, आणि हातात आलेला सामना 108-107 असा गेला. पुढे सातव्यात आमचेच डँटली आणि व्हिनी जॉन्सन एकाच चेंडूमागे धावताना डोक्यावर डोकं आपटून पडले आणि मालिका गेली. ते दुखणं घेऊन वर्षभर खेळलेला संघ 1988 मध्ये अखेर बोस्टनला हरवतो. तेव्हा बोस्टनच्या खेळाडूंनी काय केलं? घड्याळ संपायच्या आधीच आत निघून गेले. केव्हिन मॅकहेल तेवढा थांबला, आयझेयाचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलला. बाकीचे गेले. त्यावर कोणी दहा भागांची मालिका काढली नाही. बर्डचं काय झालं? बर्ड बर्डच राहिला. पुढे बार्सिलोना ऑलिंपिकला गेला.

आयझेया गेला नाही. 1992 च्या त्या ऑलिंपिक संघाचा कोच कोण होता माहीत आहे? चक डेली. आयझेयाचा स्वतःचा कोच. तरी बारा जणांत आयझेया थॉमसला जागा नव्हती. दोन जेतेपदं, 1990 च्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू, आणि जागा नाही. त्या 7.9 सेकंदांची किंमत कोणी, किती आणि कुठल्या चलनात मोजली याचा हिशोब तुमच्या एका वाक्यात आलाय का? मला तरी दिसला नाही.

आणखी एक. 1991 च्या त्या चौथ्या सामन्याच्या आदल्या दिवशी जॉर्डनने पत्रकारांसमोर या संघाची यथेच्छ धुलाई केली होती. हे असलं बास्केटबॉल खेळाला लागलेली कीड आहे, लोकांना हे लोक विजेते म्हणून नको झालेत, अशा अर्थाचं. सामन्यांची मालिका अजून संपलेलीही नव्हती. समोरच्याच्या घरात उभं राहून त्याची तेराव्याची यादी वाचायची आणि मग त्याने हसत हात पुढे करावा अशी अपेक्षा ठेवायची, हा कुठला न्याय? तीन वर्षं लागोपाठ, 88, 89, 90, ज्या संघाने तुम्हाला घरी पाठवलं त्याच्याबद्दल जिंकायला लागल्यावर हे बोलायचं? आणि आयझेया मूळचा शिकागोचाच, पश्चिम भागातल्या गरीब वस्तीतला पोरगा. त्याच्या गावाने डोक्यावर कोणाला घेतलं, हेही जरा डोक्यात घ्या.

(रॉडमनने त्याच सामन्यात शिकागोच्या पिपेनला ढकलून खुर्च्यांत पाडलं, त्याची हनुवटी फुटली, टाके पडले. ते वाईटच होतं. मी तेही नाकारत नाही. मी काहीच नाकारत नाही, हे लक्षात घ्या.)

आता तुमच्या वाक्यातला कर्ता बघा. "निघून गेले." कोण गेले? सगळे? जो डुमार्स थांबला. जॉन सॅली थांबला. दोघांनी शिकागोच्या खेळाडूंशी हात मिळवले, जॉर्डनशीही. तो डुमार्स, ज्याने जॉर्डनला अडवायचं काम वर्षानुवर्षं केलं, एक शब्द न बोलता, दात न विचकता. 1990 च्या फायनलच्या तिसऱ्या सामन्याच्या दिवशी त्याचे वडील लुइझियानात वारले. घरच्यांनी ठरल्याप्रमाणे सामना संपेपर्यंत त्याला सांगितलं नाही. त्याने 33 गुण केले आणि मग त्याला फोन दिला. त्याच गुंडांच्या टोळीतल्या या माणसाच्या नावाने आज एनबीए खिलाडूवृत्तीची ट्रॉफी देते. जो डुमार्स ट्रॉफी. 1996 मध्ये पहिल्यांदा दिली ती त्यालाच. गुंडांच्या टोळीत असली माणसं कशी निपजतात, याचं विश्लेषण मात्र आपल्याकडून ऐकायला आवडेल. शून्यापेक्षा जास्त गुण देईन.

राहिली लाज.

तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, नाहीतर हे मी लिहिणार नव्हतो. 1984 साली मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कॉलेजच्या संघात गार्ड होतो. उंची पाच फूट सात इंच, म्हणजे दुसरं काही होताच येत नव्हतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची सेमीफायनल, समोरच्यांच्याच मैदानावर. कुठलं कॉलेज ते सांगत नाही. सिमेंटचं कोर्ट, एका रिंगला जाळी, दुसरीला नाही. गुणफलकाच्या टेबलावर त्यांच्याच कॉलेजचा एक चष्मेवाला मुलगा, हातात निळं बॉलपेन. जाळी नसलेल्या रिंगमध्ये चेंडू गेला की आवाज येत नाही, तुम्ही खेळला असाल तर ठाऊक असेल. दुसऱ्या हाफमध्ये आमचा एक बास्केट तसाच बिनआवाजी गेला. पंचांनी दोन बोटं खाली केली, आम्ही मागे पळालो, आणि त्या मुलाने दोन गुण त्यांच्या रकान्यात टाकले. मी स्वतः पाहिलं. ओरडलो. त्याने पेनचं टोपण लावलं. आम्ही एका गुणाने हरलो.

आमच्या कॅप्टनने पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, चला. आम्ही गेलो. कोणी हात मिळवला नाही, मागे वळून बघितलं नाही. बनियनवर स्वेटर चढवून तसेच एस.टी. स्टँडपर्यंत चालत गेलो. बरोबर आलेले सर काही बोलले नाहीत. त्यांनी सगळ्यांसाठी डझनभर केळी घेतली आणि खिडकीशी जाऊन बसले. समोरच्या संघातला एकही चेहरा आज आठवत नाही. ते निळं टोपण आठवतं.

तेव्हा लाज वाटली का? नाही. आजही नाही. आम्ही गुंड होतो का? आमच्यातला एक नंतर पाटबंधारे खात्यात गेला, एक बँकेत मॅनेजर झाला. हरल्यावर माणसाचा हात पुढे का होत नाही, हे जो कधी हरलाच नाही किंवा ज्याने फक्त पडद्यावर हरताना बघितलं, त्याला कसं समजावणार? शिकागोने गुण चोरले नव्हते, हे मला कळतं. लगेच तो मुद्दा काढू नका.

आणि तुम्ही जे खोचक विचारलंय, "तुम्ही तिथे होतात म्हणता", त्यातल्या त्या 'म्हणता'ला उत्तर: होतो, 1991 च्या त्या चौथ्या सामन्याला. कंपनीतल्या एका वरिष्ठांनी दोन तिकिटं दिली होती. अगदी वरच्या मजल्यावरची, तिथून रॉडमन आणि सॅली यांच्यात उंचीचा फरक कळत नव्हता. पहिल्या हाफनंतरच लोकांच्या अंगातलं अवसान गेलं होतं. शेजारी एक म्हातारा, निळ्या टोपीतला, शेंगा सोलून टरफलं टोपीत टाकत होता. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने ती टोपी तशीच, टरफलांसकट, दोन्ही हातांत धरून ठेवली. हे मी पाहिलंय. हे त्या मालिकेत नाही.

शेवटच्या क्षणी आम्ही जिन्यावर होतो, हे खरं आहे. गाडी मित्राची होती. पॅलेसला जे कोणी गेलेत त्यांना विचारा, वीस हजारांवर माणसं एकदम सुटली की लपीअर रोडवरून आय-75 महामार्गाला लागेपर्यंत तासभर जातो. 20 गुणांनी मागे असताना बाहेर पडणं याला कोणी पळून जाणं म्हणत नाही, शहाणपण म्हणतात. 7.9 सेकंदांचं ते मी रात्री बातम्यांत पाहिलं. पण सामना मी पाहिला, वातावरण मी पाहिलं, त्या माणसांना काय वाटत होतं ते तिथे बसून कळत होतं. जिन्यावर असल्याने त्यात फरक पडत नाही.

1989 च्या दुखापतींबद्दल. हो, लेकर्सचा बायरन स्कॉट फायनलआधीच मांडीचा स्नायू दुखावून बाहेर गेला आणि मॅजिक जॉन्सन दुसऱ्या सामन्यात. पण मग 1988 चंही काढा ना! रविवार होता. आम्ही चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो, दोन तेलुगू, एक गुजराती आणि मी. टीव्हीच्या अँटेनाला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळलेला, कुकरमध्ये खिचडी. लेकर्सविरुद्धची फायनल, सहावा सामना, मालिकेत डेट्रॉईट 3-2 ने पुढे, आणखी एक विजय आणि जेतेपद. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आयझेया लेकर्सच्या मायकेल कूपरच्या पायावर उतरला आणि घोटा मुरगळला. बाहेर गेला, मिनिटभरात लंगडत परत आला, आणि एका पायावर बास्केटमागून बास्केट. त्या एका क्वार्टरमध्ये 25 गुण. सामन्यात 43. आमचा गुजराती मित्र, ज्याला क्रिकेटशिवाय काही कळत नव्हतं, तो सोफ्यावरून खाली जमिनीवर येऊन बसला. मग 14 सेकंद राहिले असताना लॅम्बिअरने लेकर्सच्या करीमला केलेला तो फाऊल, ज्याला डेट्रॉईटमध्ये आजही 'फँटम फाऊल' म्हणतात. नक्की तेव्हाच कुकरची शिट्टी झाली. करीमने दोन्ही फ्री थ्रो टाकले. 103-102. सातवा सामनाही तीन गुणांनी गेला, आयझेया धड धावूही शकत नव्हता. खिचडी खाली लागली होती, ती तशीच खाल्ली.

तेव्हा लेकर्सच्या जेतेपदावर कोणी चांदणी टाकून तळटीप दिली का, की 'समोरच्याचा घोटा सुजला होता'? नाही ना? मग 89 ला द्यायची नाही. आणि त्या वर्षी 63 सामने जिंकून आलेल्या, प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, 15-2 राहिलेल्या संघाला नशिबाची गरज होती असं ज्याला वाटतं त्याला माझा नमस्कार.

रेफ्री आणि नियमांचा मुद्दा मोठा आहे. फ्लॅग्रंट फाऊलचा, म्हणजे धोकादायक धसमुसळेपणाचा, नियम कशामुळे कडक झाला, पुढे 2004 नंतर हाताने अडवण्यावर बंधनं का आली, हे सगळं मला माहीत आहे. त्यावर कधीतरी लिहीन. इथे नको.

2004 चं म्हणाल तर, बेन वॉलेस, बिलप्स, हॅमिल्टन, प्रिन्स, रशीद वॉलेस. शकील-कोबीच्या लेकर्सना 4-1. उत्तम संघ. पण माझा लेख 1991 ला संपतो, शीर्षकातच तसं आहे. शीर्षक वाचायला वेळ लागत नाही.

आणि 'विश्लेषण शून्य'. बुवा, मी निवृत्त इंजिनिअर आहे. चाळीस वर्षं गाडीच्या ब्रेकचं विश्लेषण केलं, आता थोडं आठवू द्या. 'स्मरणरंजन' हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलाय. ज्या पॅलेसवर मी लिहिलं ते जुलै 2020 मध्ये सुरुंग लावून पाडलं. संघ त्याआधीच, 2017 मध्ये, शहरात नव्या जागी गेला होता. मी त्या रस्त्याने जातो तेव्हा डावीकडे बघतो. यात रंजन कुठलं ते मला सांगा.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा, फक्त खऱ्या नावाने लिहा. टोपणनावाआडून दगड मारायला हिंमत लागत नाही. (माझंही टोपणनाव आहे, पण ते बारा वर्षं जुनं आहे आणि सगळ्यांना माहीत आहे.)

पोर्टलंडची दुरुस्ती झाली आहे, ते परत सांगतो, उगाच कोणी म्हणायला नको. तुमच्या प्रतिक्रियेला आत्तापर्यंत दोन लाइक आलेत. त्यातला एक शिकागोहून आहे. कोणाचा ते मी ओळखलं आहे, आणि आज रात्री फोन करणार आहे.